चाळीस पावलं

रविवार, ९ मार्च. आज पार्किंगमधल्या चार नंबरच्या जागेवरचा ऑइलचा डाग घासायचं काम काढलं. उद्या इलेक्ट्रिशियन येऊन तिथे माझ्या गाडीसाठी चार्जिंग पॉइंट बसवणार आहे. तेलावर उभा राहून काम करणार नाही, असं त्याने आधीच बजावलंय. वॉचमनने खराटा दिला. मी घरून धुण्याचा सोडा आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडून पिशवीभर भुसा आणला. भुसा पसरायचा, तेल शोषलं की झाडायचा, मग सोडा टाकून घासायचं. असं तीनदा केलं. डाग फिका झाला, गेला नाही. तीस वर्षं एकच गाडी एकाच जागी ठिबकत होती, तिचा डाग एका रविवारात कसा जाईल.

ती गाडी म्हणजे काकांची पद्मिनी. काका माझे नात्याने कुणी नव्हेत. ए विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे आणि आमची सगळी सोसायटी त्यांना काकाच म्हणायची.

काका म्हटलं की मला आधी वेताची छडी दिसते. पद्मिनीचा पेट्रोलचा काटा कधीतरी बंद पडला होता, तो त्यांनी दुरुस्तच केला नाही. त्याऐवजी टाकीच्या तोंडातून छडी आत सोडायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते उन्हात धरून बघायचं आणि छडी पँटला पुसायची. छडीवर त्यांनी स्वतः खाचा पाडल्या होत्या. सगळ्यांत खालची लाल रंगवलेली. ओल तिथवर आली की गाडी अजून चाळीस किलोमीटर जाते, हे त्यांनी गाडी चालवून नक्की केलेलं. काटा दुरुस्त करून घ्या की, असं कुणी म्हटलं तर विचारायचे, "कशाला? परत खोटं ऐकायला?"

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मीटर तपासणं हे त्यांचं काम होतं. टाकीवरचा, बॉयलरवरचा, जो दिसेल तो काटा खरं दाखवतो की नाही हे बघायचं. पस्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मोजलंस का?"

दूधवाल्याच्या मापापासून लिफ्टमधल्या 'सहा माणसे'च्या पाटीपर्यंत त्यांना सगळ्यावर संशय. पाणी कमी येतंय अशी तक्रार घेऊन बी विंगमधल्या बायका माझ्याकडे आल्या होत्या. मी सोसायटीची सेक्रेटरी. मी काही बोलायच्या आत काका गच्चीवरून बांबू घेऊन उतरले. बांबू ओला होता. म्हणाले, "पाणी कमी येत नाही, तुमच्याच विंगमध्ये कुणीतरी रात्रभर नळ उघडा ठेवतं. कोण ते उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगितलंही. त्या घरातले अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

रविवारी सकाळी पद्मिनीचं बॉनेट उघडायचं. ते उघडलं की भोवती माणसं गोळा व्हायचीच, तुमच्या सोसायटीतही कुठल्या ना कुठल्या गाडीभोवती होत असतील. आमच्याकडे दोघं कायमचे. एक परब, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हात काळे केल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही. दुसरे सबनीस, ज्यांच्याकडे गाडी नाही पण मत प्रत्येक गाडीबद्दल आहे. जुन्या गाडीला आत्मा असतो, हे सबनीसांचं आवडतं वाक्य. हे नवे डबे सगळे सारखेच, डोळे मिटून बसलं तर कुठल्या गाडीत बसलोय ते कळायचं नाही.

"आत्मा नाही, कार्बोरेटर आहे," काका आत वाकूनच म्हणायचे. "साफ केला की चालते."

परबांना हसू आवरायचं नाही.

दीड वर्षापूर्वी मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझी कल्याणला छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. टिटवाळ्याला, खडवलीला जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि ते खराब व्हायच्या आत लॅबमध्ये पोचवायचे, असा माझा रोजचा फेरा. रोज पेट्रोल जाळण्यापेक्षा हे बरं, इतका सरळ विचार होता. गाडी आली त्या रविवारी पद्मिनीचं बॉनेट कुणी बघितलंच नाही. सगळे माझ्या गाडीभोवती. सबनीसांनी एक चक्कर मारून जाहीर केलं की हा चाकं लावलेला मोबाईल आहे. परबांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "वहिनी, हिचा आवाज नाय तर बिघडली हे कळणार कसं?" काकांनी फक्त विचारलं की एका चार्जिंगमध्ये किती जाते. मी म्हटलं, कंपनी सांगते अडीचशे.

"मोजलंस का?"

"काका, गाडी काल आली आहे."

"मग अडीचशे कोण गेलं होतं? सपाट रस्ता, एसी बंद, आत एकटा माणूस. तोही बारीक असणार."

पुढचे तीन रविवार आम्ही मोजत होतो. मी, काका, परब आणि सबनीस. एसी लावून, मागे नमुन्यांची पेटी ठेवून, डोंबिवली ते खडवली आणि परत. चौघांची वजनं वहीत लिहायची म्हणून काकांनी विचारली. सबनीसांनी सांगितलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा वाटेत लॅब उघडायला लावून त्यांना माझ्या काट्यावर उभं केलं. सबनीस नऊ किलोने खोटं बोलले होते. एकदा सगळे, एकदा मी एकटी, एकदा पावसात वायपर चालू ठेवून. तिसऱ्या रविवारी काकांनी निकाल दिला.

"एकशे सत्तर. तुझ्या पायाने."

"माझ्या पायाने म्हणजे?"

"तू ब्रेक उशिरा मारतेस. लवकर पाय काढलास तर एकशे ऐंशी." मग एका कार्डावर पेनने फेऱ्यांची अंतरं लिहिली आणि शेवटी लाल शाईने एक ओळ: चाळीस उरले की घरी. मी विचारलं, शून्यापर्यंत का नाही जायचं, अजून चाळीस आहेत की. म्हणाले, "शून्याला घरी पोचायचं नसतं. वाटेत रस्ता बंद असतो, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं असतं. चाळीस आपले नाहीत असं समजायचं."

ते कार्ड माझ्या गाडीत अजून आहे. दीड वर्षात मी एकदाही वाटेत अडकले नाही. चार्जिंगचं मी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून भागवत होते. चारचौघांत गाडीला नावं ठेवणं त्यांनी सोडलं नाही, पण चार्जिंग पॉइंटचा विषय सभेत आला तेव्हा एकट्या त्यांनीच सोसायटीच्या मीटरवर किती भार आहे ते मोजून आणलं होतं. भार पेलतो, म्हणाले. जागा फक्त एकच सोयीची, मीटर रूमला लागून असलेली. चार नंबर. "ती माझी आहे," असं म्हणून ते बसले. सभा तिथेच संपली.

या जानेवारीत काकू माझ्याकडे आल्या. हातात भाजी होती, म्हणजे सहज आल्यासारखं दाखवायचं होतं. पण बसल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "अगं, यांना गाडी चालवायची बंद करायला सांग."

मग सगळं कळलं. काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. चष्म्याने सुधारणारा नव्हे. ठाण्याला इंजेक्शनं चालू होती, आहे ते टिकवायला. डॉक्टरांनी गाडी नको म्हटलं तर यांचं उत्तर, मी दर महिन्याला मोजतो, मला दिसतं. गेटच्या खांबाला गाडी घासली ती खांब पुढे आला म्हणून. मानपाड्याला एक सायकलवाला काकू ओरडल्यामुळे वाचला होता. मुलगी फोनवर रडली तेव्हा म्हणाले, रडणं हे मोजमाप नाही.

"आणि सव्वीस तारखेला नातवंडं येणार आहेत," काकू म्हणाल्या. "दोघांना पद्मिनीतून खडवलीला नदीवर नेणार, असं कबूल करून बसलेत. मी बसेन ग शेजारी, माझं काही नाही. पण पोरं."

मी हो म्हटलं आणि दार लावल्यावर घाबरले. त्यांना काय सांगायचं? सांगून ते ऐकणारे नव्हते. म्हणून मी परबांना गाठलं आणि दोघांनी मिळून एक भेकड काम केलं. बोटाएवढा एक तुकडा असतो, रोटर म्हणतात. तो काढला की इंजिनाला करंट मिळत नाही, गाडी सुरूच होत नाही. चोवीस तारखेला काका देवळात गेले असताना परबांनी तो काढून माझ्या हातात दिला. मी मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या शेजारी ठेवला.

पंचवीसच्या सकाळी काका गाडी गरम करायला खाली आले. मी आणि परब पाण्याच्या टाकीपाशी उगाच बोलत उभे. किल्ली फिरवली, गाडी लागली नाही. बॉनेट उघडलं. दोन मिनिटं बघितलं. मग वर गेले, एक पत्र्याचा डबा घेऊन आले आणि त्यातून दुसरा रोटर काढून बसवला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

परबांकडे न बघता म्हणाले, "चोराला गाडी कळत होती. झाकणाच्या क्लिपासुद्धा परत लावल्यात."

परब चप्पल बघायला लागले. मला मात्र लाजेपेक्षा राग जास्त आला, स्वतःचाच. या माणसाशी सरळ बोलायला मी मोहरीचा डबा कशाला मध्ये आणला होता?

मी पुढे झाले. "काका, गाडी बंद करा. तुमचे डोळे मोजलेत का?"

वाटलं, चिडतील. चिडले नाहीत, उलट खूश झाल्यासारखे दिसले. एवढ्या दिवसांत त्यांना हवा तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "मोजलेत तर. ये."

चार नंबरच्या मागच्या भिंतीवर गाडीची एक जुनी नंबरप्लेट ठोकलेली होती. कधीतरी काढा ती, गंजून कुणाला तरी लागेल, असं मी दोनदा लेखी कळवलं होतं आणि त्यांनी 'कामाची आहे' एवढंच उत्तर दिलं होतं. जुन्या गाडीवाल्यांची हौस, असं समजून मी सोडून दिलं. त्या भिंतीपासून गेटपर्यंत दोन्ही विंगांच्या मधून सरळ रस्ता जातो. काका मला त्या रस्त्याने गेटच्या बाजूला घेऊन गेले आणि जमीन दाखवली. पांढऱ्या रंगाच्या बोटभर रेघा. ड्रेनेजवाल्यांच्या खुणा असाव्यात असं मला वाटायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गेटपाशी उभे राहायचे, प्लेटकडे चालत यायचे आणि नंबर वाचता आला की तिथे रेघ मारायचे. मग भिंतीपर्यंतची पावलं मोजून वहीत लिहायचे. दोन वर्षं.

"चाळीस पावलं ही माझी लाल खाच," ते म्हणाले. "गाडी थांबायला लागतात तेवढी, आणि वर माझं दचकणं. त्याच्या खाली आलो की किल्ली ठेवायची. हे कुणी सांगायला नको मला." आणि वही उघडून दिली.

मी वाचलं. बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. गेल्या महिन्यात एकाहत्तर. आजार वाढत होता, इंजेक्शनं चालू होती, आणि आकडा जागचा हलत नव्हता. इतका सरळ आकडा माझ्या लॅबमध्ये आला असता तर मी मशीन बंद केलं असतं.

मग ते डोक्यात आलं. वाईट वाटलं, पण आलं.

"काका, प्लेट कुठल्या गाडीची?"

"माझ्याच पहिल्या स्कूटरची."

"म्हणजे नंबर तुम्हाला पाठ आहे."

मी सांगितलं, आमच्याकडे मशीन तपासायला बाहेरून नमुने येतात आणि त्यांचं उत्तर आम्हाला कळवत नाहीत. कळवलं तर तपासणीला अर्थच राहणार नाही. त्यांना हे सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला माणूस. पहिल्या वाक्यालाच चेहरा उतरला होता. छडी जमिनीला टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "प्लेट काढ."

मी काढली नाही. वर जाऊन पुठ्ठा आणि जाड पेन आणलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत मनाला येतील ते चार आकडे लिहिले आणि पुठ्ठा प्लेटवर धरून उभी राहिले. काका गेटपाशी गेले आणि तिथून चालत यायला लागले. परब त्यांच्या बाजूने, दोन हात अंतर ठेवून.

बहात्तरची रेघ गेली. तिथे ते क्षणभर थांबले आणि पुन्हा निघाले. लिफ्टची पायरी गेली. जिना गेला. प्रत्येक पावलाला मी मनात म्हणत होते, आता वाचा. आणि दुसऱ्या बाजूने, नका वाचू. सायकलींच्या रांगेपाशी आल्यावर त्यांनी आकडे वाचले. हळूहळू, चारही बरोबर. परबांनी भिंतीपर्यंत पावलं मोजली आणि पुन्हा मोजायला मागे वळले.

"सांग रे," काका म्हणाले. "एसटीत काय तोंड बघून ब्रेक पास करायचास?"

"सव्वीस."

काकांनी वही घेतली. सगळ्या बहात्तरांवर आणि एकाहत्तरांवर पट्टी न लावताच सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, सव्वीस. तारीख घातली. त्याखाली 'तपासणारा' असं लिहून वही माझ्यापुढे केली. कंपनीत दोन सह्या लागायच्या, म्हणाले. मी सही केली. मग खिशातून पद्मिनीची किल्ली काढून त्यांनी परबांच्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाले, "चौदा पावलं बुडालो होतो. म्हणजे निदान वर्षभर." दोन पायऱ्या चढून परत वळले. "माझा तो पहिला रोटर आणून द्या. चांगला आहे."

त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं, बऱ्याच दिवसांनी. काकूंनी जिन्यात माझा हात धरला आणि सोडला.

सव्वीसला खडवली झालीच. पद्मिनी परबांनी चालवली. आयुष्यभर एसटीचे पायाशी असलेले गिअर टाकलेला माणूस, इथे गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. दर चौकात त्यांचा डावा हात खाली काहीतरी शोधायचा. काका शेजारच्या सीटवर, छडी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून. मागे नातवंडं. त्यांच्या मागे माझी गाडी, त्यात मी, काकू, आणि डब्यांबरोबर सबनीस. सिग्नलला काचा खाली असल्या की पुढून ऐकू यायचं. "दुसरा. दुसरा टाक. अरे ढकलतोस काय, सांग तिला." काकू हसून हसून रडल्या. सबनीस म्हणाले, बघा, आत्मा. कुणी त्यांना टोकलं नाही. काकांना मी तसं बसलेलं शेवटचं पाहिलं. मागच्या काचेतून पांढरं डोकं आणि त्याच्या वर छडीचं टोक.

फेब्रुवारीत दोघं ठाण्याला मुलीकडे राहायला गेले. इंजेक्शनांसाठी तेच सोयीचं होतं. पद्मिनी परबांकडे, नऊ नंबरला. आता ठिबकणं तिथे सुरू झालंय. जाताना काकांनी वही माझ्या हातात दिली. रेकॉर्ड सेक्रेटरीकडे असतं, म्हणाले. चार नंबरची जागा चार्जिंगला द्यायचं पत्र त्या वहीतच घडी करून ठेवलेलं होतं. त्यावरची तारीख पंचवीस जानेवारीची.

म्हणून आज हा डाग. तो घासून झाल्यावर मी प्लेटही काढली, उद्या त्या भिंतीला ड्रिल लागणार आहे. मग सोडा उरला होता म्हणून गेटजवळच्या पांढऱ्या रेघाही घासून बघितल्या. त्या जराही हलल्या नाहीत. चांगला ऑइल पेंट वापरला होता.

सोमवार, १० मार्च. सकाळी इलेक्ट्रिशियन यायच्या आत खाली गेले. वॉचमनला जुन्या कॅलेंडरचं पान आणि जाड पेन दिलं, म्हटलं, चार आकडे लिही, मला दाखवू नकोस, आणि तिकडे भिंतीपाशी धरून उभा राहा. गेटवरून चालत निघाले. मला स्वतःला वाटलं होतं त्याच्या बरीच पुढे जाऊन मी वाचू शकले. एकसष्ट. वहीत सव्वीसच्या खाली एक ओळ सोडून माझं नाव आणि आकडा लिहिला, आणि 'तपासणारा'पुढे वॉचमनची सही घेतली. कागद ठेवू की फाडू, असं त्याने विचारलं.

"फाड," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात दुसरे आकडे लिही."

मग नमुन्यांची पेटी मागे ठेवली आणि खडवलीला निघाले.